उसने हातमोजे

दोन हजार सतरा साल. जानेवारी, मरणाची थंडी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री हा गृहस्थ लेकीला विमानतळावर सोडायला निघाला. हातात तिची बॅग, चेहऱ्यावर नेहमीचा तोरा. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं चढवायची-उतरवायची ही त्याची नोकरी. मनोऱ्याची उंची तो स्वतःचीच समजायचा. ओळखीतला आहे, म्हणून सांगतोय. हसू नका.

वाटेत लेक म्हणाली, "बाबा, ते ताठ्याकाका हल्ली दिसत नाहीत. लाल दिवे हलवून विमान जागेवर लावायचे ते."

"मेला तो. मागच्या हिवाळ्यात. न्यूमोनियानं."

"अरेरे. तुम्ही हातमोजे दिले होते ना त्यांना?"

"दिले कसले, फेकले! म्हटलं, घे, आमचं कुत्रंही घालणार नाही. तर मला म्हणतो, 'साहेब, भीक घेत नाही. उसने घेतो. परत करीन.' खिशात दमडी नाही आणि मिजास राजाची. बुडवलेच शेवटी. त्याच्या बायकोनं हातातून काढू दिले नाहीत. त्याच्याबरोबरच गेले."



लेकीला सोडून तो ड्यूटीवर चढला. धुकं असं दाटलं की खालची धावपट्टी दिसेना. मनोऱ्यातली एक रीत आहे. विमानाला धावपट्टी दिली की टेबलावर लाल पट्टी आडवी ठेवायची. ती उचलल्याशिवाय दुसऱ्याला धावपट्टी द्यायची नाही. याची पट्टी खणात पडलेली असायची. "विसरभोळ्यांची कामं," म्हणायचा.

एका विमानाला त्यानं उतरायची परवानगी दिली. पट्टी नाहीच. तेवढ्यात लेकीचं विमान निघायला तयार झालं. पोर ताटकळायला नको म्हणून दुसऱ्या एकाला थांबवून त्यानं तिचं पुढे घेतलं. "धावपट्टीवर या," म्हणाला. उतरणारं विमान डोक्यातून साफ गेलं.

रेडिओवर लेकीच्या विमानाचा पायलट बोलला. "मनोरा, आम्ही थांबलोय. धावपट्टीच्या तोंडाशी तुमचा माणूस उभा आहे. लाल दिवे आडवे धरून."

"तिथं आमचं कोणी नसतं. चला पुढे."

"बाजूला होत नाही तो."

"धुक्यात भुतं दिसायला लागली का? चला म्हटलं ना!"

"हलत नाहीये... ताठ उभा आहे..."

ताठ.

आणि धुक्यातून गडगडाट आला. जवळ. आणखी जवळ. तेव्हा त्याला आठवलं.

माइककडे हात नेला, तोवर उशीर झाला होता.

ते विमान उतरलं. लेकीच्या विमानाच्या नाकासमोरून गेलं.



मग पायलट. अगदी हळू. "मनोरा... आता तिथं कोणी नाही."

  लाल पट्टी घ्यायला त्यानं खण उघडला. वर्षभरात पहिल्यांदा.

पट्टीवर त्याचे जुने लोकरीचे हातमोजे होते. दवानं ओलेचिंब. एकावर एक, नीट ठेवलेले.