आरशासारखा सिलिंडर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा एवढी तुमची अक्कलही नाही. आमची ही तर कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत आत्तापासूनच गालात हसते आहे. हसू दे.

एका कारखान्यात तीन नवी इंजिनं चाचणीला लावली आणि तासाभरात तिन्ही जाम! सिलिंडर आतून ओरबाडून निघालेले. मालकांनी खापर फोडलं म्हाताऱ्या मिस्त्रीवर, कारण सिलिंडरला आतून शेवटचा हात त्याचाच.

"संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी दोषी सापडला नाही, तर उद्या येऊ नकोस."

म्हणून भिंगवाले आले. खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचा मेहुणा, अकलेचा कांदा.

फळीवर त्याच खेपेतला एक न बसवलेला सिलिंडर होता. मेहुण्यानं आत डोकावून भांग पाडला.

"काय चकाकतंय, भाऊजी!"

"तेल सोड त्यात."

त्यानं सोडलं. थेंब भिंतीवरून सरळ ओघळून गेले.

मिस्त्री म्हणाला, "मी दगडानं आत बारीक तिरप्या रेघा मारतो, साहेब. फुल्याफुल्यांच्या. तीस वर्षं हेच."

कारखान्यातला, तयार माल तपासणारा तपासनीस नाकातून बोलला, "मी फक्त माप घेतो. माप बरोबर होतं."

मग मालकांचा जावई. बूट असे, की त्यात तोंड दिसावं.

"रेघोट्या ओढणारा अडाणी माणूस तो! पाहुणे बघायला येतात. माल कसा दिसायला हवा?" घाम पुसायला त्यानं रुमाल काढला. कडेला हिरवा डाग.

"बोलवा सगळ्यांना," भिंगवाले म्हणाले.

सगळे जमले.

"या सिलिंडरमध्ये मिस्त्रीच्या रेघा कुठे आहेत, मालक? त्या रेघांत तेल टिकतं. तेल आहे तोवर धातू धातूला खात नाही. कुणीतरी पॉलिशचा हिरवा लेप लावून त्या घासून काढल्या. या गाढवाचा भांग नीट पडला तिथेच मला कळलं. मिस्त्री आपली तीस वर्षं आपल्याच हातानं पुसणार नाही. तपासनीस मापापलीकडे बोट लावत नाही. उरले रुमालवाले. काय जावईबापू, इंजिन हवं होतं की आरसा?"

जावयाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मूर्ख तो मूर्खच! मालकांनी मिस्त्रीचे हात धरले, चारचौघांत माफी मागितली, आणि त्याला...

"पुरे!" हिनं हातातली घडी आपटली. "कसला भिंगवाला अन् कसलं काय! मिस्त्री त्याच संध्याकाळी डबा उचलून घरी गेला, तो कायमचा. बाबांनी त्याला एक शब्द विचारला नाही, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तो हिरवा डाग मला चांगला आठवतो. तीनदा साबण लावूनही निघाला नाही तुमच्या रुमालाचा."