पंखावरचा हात

खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. आमच्या घरात मात्र यावर कोणी हसत नाही. कारण त्या विमानात माझी आई होती, आणि ते चालवत होता तिचा सख्खा भाऊ, माझा मामा.

विमान कसलं, पंख लावलेली जीपच. आठ माणसं बसली की भरलं. मामा रोज डोंगरापलीकडून आमच्या गावी खेपा मारायचा.

तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणायचे. पंखावर धरलेला काचेसारखा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हा गडी कडाक्याच्या थंडीतही हातमोजे काढून दोन्ही पंख चाचपायचा. थाप… थाप… थाप. हात थांबला, की तिथे बर्फ. सगळं साफ असलं, की विमानाच्या दारावर दोन थापा. मग खुशाल निघा.

थंडोबा त्या हिवाळ्याच्या तोंडावरच वारला.

त्या दुपारी हिमवादळ अगदी जवळ येऊन ठेपलं होतं. विमानतळ बंद व्हायच्या आत निघायची घाई. नव्या मेकॅनिकने खालूनच टॉर्च मारला आणि अंगठा दाखवला. मामा निघाला.

ढगात शिरल्यावर चहूकडे नुसतं पांढरं. मागचा विमानतळ बंद झाल्याचं रेडिओवर कळलं. खाली डोंगर. आता पलीकडे उतरेपर्यंत सुटका नव्हती.

आणि मग…

थाप.

डाव्या पंखावर. बाहेरून.

थाप… थाप… टोकापर्यंत गेली. मग उजव्या पंखावर सुरू झाली.

मामाच्या मागेच बसलेल्या आईने हळूच विचारलं, "दादा, बाहेर कोण आहे रे?"

मामाने चमकून मागे पाहिलं. म्हणजे हा आपला भास नव्हता तर.

पंखाच्या मध्यावर थाप थांबली.

मामा काय ते समजला. तिथे बर्फ धरलाय. उतरताना नेहमीसारखा वेग कमी केला, तर उजवा पंख दगा देणार आणि विमान कलंडणार. त्याने म्हाताऱ्याचं ऐकलं. विमान तसंच भरवेगात धावपट्टीवर टेकवलं. पार शेवटच्या दिव्यापाशी ते थांबलं.

उजव्या पंखाच्या बरोबर मध्यावर बर्फाचा जाड थर होता.

लोक रडत होते, मामाला मिठ्या मारत होते. तो मात्र जागचा हलेना. दाराकडे कान लावून बसून राहिला.

"ऊठ ना रे," आई म्हणाली.

"अगं, त्याने अजून दारावर थापा दिल्या नाहीत."

मामाने विमान चालवणं कायमचं सोडलं. आता तो आमच्याकडेच असतो. आईच्या सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहेत.

पण थंडी पडली, की आमच्या छतावर…

थाप… थाप… थाप…

आईच्या खोलीवर येऊन थांबते.

आम्ही कोणी बाहेर पडत नाही. सगळे दाराकडे बघत बसतो. दोन थापा अजून पडलेल्या नाहीत.