पहिल्या फेऱ्यातला पीळ

“कुणी उसवलं हे?... अगं, कुणी उसवलं?”

सासूबाईंचा आवाज असा कधी कापला नव्हता! दुपारची झोप अर्धी टाकून त्या दारात उभ्या होत्या, आणि जमिनीवर बसलेल्या सुनेच्या मांडीवर पिवळ्या लोकरीचा कुरळा ढीग पडला होता. तारेनं जोडलेल्या दोन सुया तिच्या हातातच होत्या.

“मीच, आई...”

“का?”

त्या ‘का’ला उत्तर होतं, पण ते ओठांवर आणणं म्हणजे त्या माउलीच्या काळजावर घाव घालणं! लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी सासूबाई बिनशिवणीचा स्वेटर गोल विणत होत्या, आणि पहिला फेरा जोडतानाच टाक्यांना पीळ पडला होता. गोल विणकामातला असा पीळ पुढे काही केल्या सुटत नाही. सगळं उसवून नव्यानं टाके घालावे लागतात. साऱ्या गल्लीला विणायला शिकवणाऱ्या त्या हातांना ते कळलं नव्हतं, कारण डोळे विझत चालले होते... आणि “मला सगळं दिसतंय!” असं त्या डॉक्टरांनाही ठणकावून आल्या होत्या. त्यांना जाग येण्याआधी होतं तेवढं पुन्हा विणून ठेवावं, एवढाच सुनेचा बेत होता.

माहेरी आलेली नणंद आवाज ऐकून धावत आली. ढीग पाहताच तिचा चेहरा उतरला.

“वहिनी, तुझा पाळणा हलला नाही म्हणून माझ्या बाळाचं...”

तो घाव सुनेनं मुकाट्यानं सोसला, कारण मनाच्या तळाशी एक भीती वळवळत होती... टाके भराभर सुटत असताना क्षणभर आपल्याला बरं तर वाटलं नव्हतं ना? तिनं पुन्हा पुन्हा मनाला विचारलं. पण मन धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना! मग निरपराध असल्याचा आव तरी कोणत्या तोंडानं आणायचा?

त्यानंतर सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत. त्यांनी हट्टानं पुन्हा टाके घातले, फेरा जोडला. सून पाणी द्यायला गेली, की नजर त्या सुयांकडे जाऊ नये म्हणून मान वळवी.

एका सकाळी खिडकीशी विणता विणता त्या थबकल्या. बोटं काठावरून फिरली, मागे आली, पुन्हा फिरली...

“इकडे ये गं जरा.”

सून जवळ जाऊन उभी राहिली.

“पीळ पडलाय ना?... खरं सांग. मागचाही असाच होता?”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अगं वेडे! नणंदेनं तुला नको ते ऐकवलं, मीही तुटक वागले... एका शब्दानं सांगायचंस की!”

“तुमच्या हातांना चूक कसं म्हणू, आई? पण चोरून उसवलं ते चुकलंच माझं. आणि उसवताना मनात काय होतं, ते... ते माझं मलाही कळत नाही हो!”

सासूबाईंनी तिला ओढून जवळ बसवलं. “माझ्या तरी मनात काय होतं? दिसत नाही म्हटलं, तर अडगळ होईन, ही भीती!”

दारात उभ्या नणंदेनं सगळं ऐकलं होतं. “वहिनी...” एवढंच ती कशीबशी म्हणाली, आणि आपलं अवघडलेलं शरीर सावरत तिच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागली. सुनेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

सासूबाईंनी टाके सुईवरून ओढून काढले, भराभर उसवले आणि रिकाम्या सुया सुनेच्या हाती दिल्या.

“टाके तू घाल, फेराही तूच जोड. पुढचं माझ्या बोटांना येतं.”