गंधखांबावरची अंडी

श्रावण सरत आला की कासारटेकवरचे गंधखांब धुवायचे, हा आता तिथला रिवाजच झाला होता. फुलपाखरं मोजणारी गावची हौशी मंडळी नव्या मोसमाआधी खांब घासायची, त्यात नवा अर्क भरायची, वाटेवरचं गवत कापायची.

खांब कमरेएवढा, लोखंडी यंत्रच. त्यातून माकडलिंबाच्या कोवळ्या पाल्याचा वास सुटे, खऱ्या झाडाहून कितीतरी दाट. नीलवंत फुलपाखराची मादी वासावरून झाड हुडकते, पायांनी पानाची चव घेते आणि मगच अंडं घालते. वासामुळे ती खांबाजवळ घिरट्या घाली आणि मोजणाऱ्यांना आयती दिसे. यंत्र बनवणाऱ्यांनी एवढंच केलं होतं. कासारटेकच्या मंडळींनी हौसेनं पुढचं केलं. दर रविवारी खरा पाला वाटून खांबाला लेप दिला. त्यांचा आकडा तालुक्यात पहिला आला.

“आक्काताई, लग्नातल्या नवरीला हळद लावल्यागत काय चोळताय?” एस.टी.तून निवृत्त झालेले शामराव म्हणाले.

“गप बसा. भिंग द्या हिकडं.”

खांबाच्या टोपीखाली, पाऊस पोचत नाही तिथं, दाणेदार थर जमला होता. आक्काताईंनी भिंग लावलं. अंड्यांची अर्धी कुरतडलेली टरफलं होती. अळी जन्मली की आधी आपलं टरफल खाते, मग पानाला लागते; इथं पान नव्हतंच. टरफलांच्या कडेनं वाळलेल्या अळ्या चिकटल्या होत्या, तुटलेल्या दोऱ्यासारख्या.

“शामराव, आपण पाल्याचा लेप दिला म्हणून माद्या इथं अंडी घालून गेल्या वो.”



आक्काताईंनी तिथूनच मोजणी कार्यालयातल्या मृदुला मॅडमना फोन लावला.

“मला कळतंय, आक्काताई,” मॅडम म्हणाल्या. “पण खांब बंद ठेवला तर मोजणी धरत नाहीत. आकडा घसरला की टेकडीचं संरक्षण जातं, आणि खाणवाले टपलेलेच आहेत.”

“आणि अळ्या मरतात, त्याचं काय?”

“अळ्या कुणी मोजत नाही हो.”

शामरावांनी घरून माकडलिंबाची रोपं आणली आणि खांबाभोवती लावली. लेप तर त्यांनी खरवडून टाकलाच होता. “आता बघा, पान सोडून लोखंडावर कशाला बसंल?”

खांब सुरू केला. ऊन चढल्यावर काळीभोर मादी आली, पंखांवर निळं चमकत होतं. रोपाच्या पानाला तिनं पाय लावले, क्षणभर थरथरली आणि उडाली. वास खांबाकडून येत होता, ती तिकडंच गेली. मागचा लेप धातूत कुठंतरी मुरलेला असावा. तिनं पोट वाकवलं. मोहरीएवढं अंडं खांबावर चिकटलं.

“हुसका तिला!” शामराव ओरडले.

आक्काताईंनी पदर हलवला. मादी उडाली, पलीकडून वळून पुन्हा खांबावरच बसली.

आक्काताईंनी ओल्या कुंचल्यानं अंडं सोडवायला घेतलं. अंडं फुटलं. दुसरं सुटलं, ते त्यांनी पानावर ठेवलं. तोवर आणखी दोन माद्या आल्या होत्या.

“बंद करू का?” शामरावांनी खांबाच्या बटणावर बोट ठेवलं.

आक्काताईंनी टेकडीकडं पाहिलं, मग खांबाकडं. शामरावांचं बोट तसंच राहिलं.

“आक्काताई,” थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, “तोवर ह्या तीन मोजू का?”