थोरल्याची जागा

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही, एवढं आधीच सांगते. हे माझ्या सख्ख्या बहिणीसमोर घडलंय, आणि तेही दिवसाउजेडी. प्रयोग होता रविवारी दुपारी चार वाजता. तालमी व्हायच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या लांबट हॉलमध्ये, रोज संध्याकाळी पाच ते साडेसात.

ताई नाटकात काम करत नव्हती. ती पडद्यामागचं बघायची. कोण आलं, कोण नाही, कुठली खुर्ची कुठे, कुठला प्रवेश किती मिनिटांचा. हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर नाटकाची वही. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरली की परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारी.

म्हणून हे तिच्याच लक्षात आलं...

नाटक एका घराचं होतं. घरातला थोरला मुलगा अकरा वर्षांपूर्वी कुणाला न सांगता निघून गेलेला. तो एका दुपारी परत येतो आणि घरच्या चौघांसमोर उभा राहून सलग बोलतो. थोरल्याचं काम एवढंच, मिनिटभराचंही नाही, पण सगळं नाटक त्या बोलण्यावर उभं.

आणि नेमका थोरला करणारा मुलगा जिन्यावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. प्रयोगाला पाच आठवडे उरलेले.

नवा माणूस मिळेपर्यंत त्याची वाक्यं कुणीतरी वहीतून वाचायची, अशी रीत असते. ते काम ताईचं. तिने दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक वैतागला. तोही विद्यार्थीच, पण सतत कुणाला तरी शिकवत असतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तो सगळ्यांसमोर म्हणाला की ही बसस्टँडवरच्या घोषणा केल्यासारखं वाचते, सगळा मूड जातो. त्यापेक्षा थोरल्याची जागा मोकळी सोडू. चौघांनी त्याचं बोलणं मनात ऐकायचं आणि मग आपापलं वाक्य घ्यायचं.

ताईला ते फार झोंबलं.

"बरं, नाही वाचत," म्हणाली आणि तिने वही मिटली.

हॉलच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असायच्या ते काका दारात उभे राहून ऐकत होते. या हॉलमध्ये त्यांनी पंचवीस-तीस वर्षं तालमी बघितल्या होत्या. ते आपणहून कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र बोलले.

"असं नका करू. वाईट का होईना, कुणीतरी वाचा. भूमिका मोकळी सोडायची नसते."

मास्तरने हसून विषय उडवून लावला. ताईला काकांचं पटलं होतं, पण राग नाकावर होता. ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून छळतं.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. कुणी लवकर बोलायचं, कुणी उशिरा, मग चौघंही हसत सुटायची.

दुसऱ्या आठवड्यात गोंधळ थांबला.

ताईने स्टॉपवॉच बघितलं. मोकळी जागा बावन्न सेकंदांची होती.

दुसऱ्या दिवशी बावन्न.

तिसऱ्या दिवशीही... बावन्न.

भांडून आले तरी बावन्न, दमून आले तरी बावन्न. चौघंही खाली बघत उभी असायची, आणि बावन्नाव्या सेकंदाला चौघांच्या माना एकदम वर व्हायच्या. मास्तर खूश. याला म्हणतात सराव, असं म्हणायचा.

ताईला मात्र यात काहीतरी शिजतंय असं वाटायला लागलं. त्यातून आई करणाऱ्या मुलीचं एक निराळंच. ती तालमीबाहेरही सगळ्यांची आई असल्यासारखी वागायची, म्हणून तिला आईसाहेब नाव पडलं होतं. ती त्या शांततेत, तिसाव्या सेकंदाच्या आसपास, हळूच हसायची. रोज. त्याच जागी.

ताईने तिला गाठून विचारलं, तिथे हसतेस का?

"अगं, तो लहानपणी माझ्या चपला लपवायचा ते सांगतो ना. मला हसू आवरत नाही."

ताईने वही उघडली. थोरल्याचं सगळं बोलणं दोनदा वाचलं.

त्यात चपला नव्हत्या.

तिने सरळ निष्कर्ष काढला. मास्तरने तिला अंधारात ठेवून संहिता बदलली होती, आणि नवी पानं फक्त चौघांना दिली होती. ती त्याच्याशी कडाकडा भांडली. त्याने शपथेवर सांगितलं की एक अक्षर बदललेलं नाही. ताईचा काही विश्वास बसला नाही.

मग नवा थोरला मिळाला, आणि तो ताईनेच आणला. आमचा मामेभाऊ.

त्याला घरात सगळे घुम्या म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मामा गेला, तेव्हापासून पोरगं बोलायचंच बंद झालं. हो, नाही, जेवलो. दिवसभरात एवढंच. मामीने ताईचा हात धरून सांगितलं होतं, "त्याला तुझ्या नाटकात घे गं. ओरडू दे, रडू दे, काहीही करू दे. घरात माणसाचा आवाजच नाही राहिला."

ताईने तिला शब्द दिला. मी त्याला बोलता करून आणते.

घुम्याने चार दिवसांत सगळं पाठ केलं. आमच्या खोलीत, दार लावून, तो ते इतकं मनापासून म्हणायचा की मी बाहेर उभी राहून रडले होते. आवाज बारीक, पण खरा. वाटलं, हा सुटला.

पहिल्या तालमीला तो चौघांसमोर उभा राहिला आणि बोलला. अडतीस सेकंदांत बोलून झालं.

चौघं गप्प.

आईसाहेब मध्येच हसली होती, घुम्या अगदी रडवेलं वाक्य म्हणत असताना. आता सगळे पुन्हा खाली बघत होते. घुम्या ताईकडे बघायला लागला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. ताई स्टॉपवॉचकडे बघत होती...

बरोबर बावन्नाव्या सेकंदाला चौघांच्या माना वर झाल्या.

आणि त्यांनी घुम्याकडे बघितलंच नाही. ते खिडकीकडे बघून बोलायला लागले.

तीन दिवस हेच. घरी येताना घुम्या रस्त्यात म्हणाला, "ताई, यांना मी नकोय."

ताईलाही तेच वाटत होतं. वशिल्याने आलेला भाऊ, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला खड्यासारखं बाजूला काढायचं ठरवलंय. तिने मास्तरला जाब विचारला. तो म्हणाला, असं कसं, सगळे त्याच्याकडेच तर बघतात. तेव्हा ताईने गुपचूप फोनवर तालीम चित्रित केली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून दाखवली.

चित्रणात घुम्या मधोमध उभा होता. चौघांच्या नजरा त्याला सोडून खिडकीजवळ एकाच ठिकाणी लागल्या होत्या. आणि घुम्याच्या डोक्यापेक्षा चांगल्या वीतभर वर... तिथे उंच कुणी उभं असावं तशा.

आईसाहेबने ते दोनदा बघितलं. मग आईसाहेब ताईला म्हणाली, "हे तू काहीतरी करून आणलंयस." बाकीच्या तिघांच्याही तोंडावर तेच दिसत होतं. ताईचा त्यांच्यावर संशय, त्यांचा ताईवर. त्या दिवशी पहिल्यांदा तिने घरी येऊन जेवण टाळलं.

प्रयोगाला दहा दिवस होते. मामीने सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं देऊन ठेवली होती. घुम्या पुन्हा गप्प व्हायला लागला होता. आता याला काढलं तर तो कायमचा मिटेल, ही धास्ती ताईला बसली. तिने त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटला तो मार्ग काढला.

त्यांच्या नजरा हलत नसतील, तर घुम्याला हलवायचं.

चौघांच्या नजरा जिथे मिळत होत्या, तिथे खिडकीजवळ तिने जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली. घुम्याला सांगितलं, आजपासून तुझी जागा ही.

तो फुलीवर जाऊन उभा राहिला. एकदा मागे वळून बघितलं. मग अंगात थंडी भरल्यासारखे खांदे आवळले.

आणि बोलायला लागला.

आवाज भरदार. हॉलच्या टोकाला बसलेल्या ताईला एकेक शब्द ऐकू येत होता. तिसाव्या सेकंदाला त्याने आईच्या चपला लपवल्याचं सांगितलं... आईसाहेब हसली. चौघांच्या माना वर झाल्या आणि या वेळी नजरा त्याच्या डोक्यावरून न जाता थेट त्याच्या डोळ्यांना भिडल्या.

ताईने स्टॉपवॉच बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती.

मास्तरने टाळ्या वाजवल्या. काका दारात आले होते, ते खाली निघून गेले.

परतताना ताईने घुम्याला विचारलं, चपलांचं कुठून आणलंस?

"वहीतच आहे की गं," म्हणाला. आणि हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग रस्ताभर तो बोलत होता. तालमीबद्दल, मास्तरच्या नकला, वाटेत दिसेल त्याबद्दल. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीला दिलेला शब्द खरा झाला होता. फक्त एक गोष्ट तिला खटकली. स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि ताई आधी वळायची वाट बघत राहिला.

दमला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारी माझी बहीण, जिथे घ्यायचा तिथे नेमकी चुकली.

नाट्यगृहातही तिने मोजून मापून त्याच जागी फुली मारली. प्रयोग असा रंगला की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी मामी. तिला हुंदका आवरत नव्हता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि आईसाहेब हॉल रिकामा करायला गेल्या. किल्ली परत द्यायची होती. दोघींमधलं भांडण मिटलं होतं. खुर्च्या रचल्या, केर काढला. जमिनीवरच्या खुणा ताई एकेक करून सोलत होती. सगळ्यात शेवटी राहिली खिडकीजवळची फुली.

ती त्यापाशी गुडघ्यावर बसली, आणि मागे आईसाहेबचा झाडू थांबला.

ताईने वळून बघितलं. आईसाहेब मान किंचित कलती करून उभी होती. तालमीत ऐकायची तशी. नजर फुलीच्या वर लागलेली.

पण यावेळी नजर तेवढी उंच नव्हती. वीतभर खाली होती.

घुम्याच्या उंचीला.

 मग आईसाहेबचे डोळे भरून आले.

"काय ऐकतेयस?" ताईने विचारलं.

"माहीत नाही कोण आहे. फार बारीक आवाज आहे गं." ती रडत होती आणि आपण का रडतोय ते तिला कळत नव्हतं. "म्हणतोय... ताई, मला घरी यायचंय."

ताईने तिथूनच मामीला फोन लावला. घुम्या कुठाय, विचारलं.

"हा काय, माझ्यासमोर बसलाय. हसवून हसवून पोट दुखवलं मेल्याने," मामी म्हणाली. मागून त्याचं हसणं ऐकू येत होतं. भरदार.

फुली ताईने सोलली नाही. ती रोज दुपारी काकांकडून किल्ली घेऊन हॉलमध्ये जाते आणि त्या खिडकीसमोर बसून घुम्याशी बोलते. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. आईसाहेब पुन्हा तिथे पाऊल टाकायला तयार नाही.

मामीकडे असतो तो परवा आमच्याकडे येऊन गेला. दारात उभा राहून मला नावाने हाक मारली, चहा मागितला, चांगला तासभर बसला. वागण्याबोलण्यात बोट ठेवायला जागा नाही. ताई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. जाताना त्याने तिच्या बंद दाराकडे एकदा बघितलं आणि हसला.

मामीला आम्ही काहीच सांगितलेलं नाही. मी हे इथे लिहितेय ते तिच्या वाचण्यात येईल, अशी भीती आधी वाटायची. आता वाटत नाही. तिला फोन हातात घ्यायलाही सवड नसते.

दिवसभर दोघांच्या गप्पा चालू असतात.