गुलाबी अर्जाचा ताबा

"अगं, तुझ्या अंगठ्याला रेषाच नाहीत!"

एमेट बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. कोरीनने हात झटकन मागे ओढला.

या दोघांची ओळख झाली ती अशी. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातलं कम्युनिटी कॉलेज, ऑक्टोबरातला बोचरा वारा, आणि 'गुन्हे आणि न्याय' या विषयाचा पहिल्या पायरीचा वर्ग. कोरीनची नेहमीची मैत्रीण त्या मंगळवारी आलीच नाही. मग पंचवीस वर्षं पोलिसात काढलेल्या डॉकरी मॅडमनी चष्म्यावरून वर्गभर नजर फिरवली. "एमेट, मागे एकटाच काय बसलायस? पुढे ये. हिच्या बोटांचे ठसे घे."

"हॉटेलच्या लाँड्रीत काम करते मी," कोरीन खाली मान घालून म्हणाली. "चार वर्षं ब्लीचमध्ये हात आहेत. रेषा कुठून राहणार?"

तिला भारी लाजच वाटत होती. पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या बोटांचा ठसा उमटू नये... काय म्हणावं या नशिबाला!

"थांब, थांब. दे हात." एमेटने तिचा अंगठा दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. मग शाई अगदी पुसटशी लावली आणि अंगठा कागदावर हळूच फिरवला. पहिला ठसा नुसता डाग. दुसरा डाग. तिसऱ्या वेळी मात्र फिकट, नाजूक अशी एक भोवरी उमटली.

"ही बघ! आहेत की रेषा. फक्त जपून घ्यावा लागतो ठसा."

कोरीनने वर पाहिलं. पोराचे कान लालभडक झाले होते. तिचेही काही कमी नव्हते म्हणा!

"तू पोलिसात जाणार?" तिने विचारलं.

"छे गं! मी कॉम्प्युटरवाला. हा वर्ग फक्त माझ्या वेळेत बसला म्हणून घेतला. तिकडे एवढ्या आठवड्यांत एकच प्रोग्राम लिहिलाय. चालू केला की 'हॅलो' म्हणतो." तो क्षणभर घुटमळला. "माझ्यापेक्षा हुशार आहे तो. मला तुला हॅलो म्हणायला पाच आठवडे लागले."

कोरीन खुदकन हसली. किती दिवसांनी हसली होती ती! कारण तिच्या वहीत, त्याच क्षणी, एक गुलाबी अर्ज घडी घालून ठेवलेला होता.

रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिला शंभरात एक्केचाळीस मिळाले होते. त्यात नापास झाली की प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाची दारं बंद, आणि नापासाचा शिक्का कायमचा कपाळी. त्यापेक्षा नाव काढून घेतलेलं बरं, सगळ्याच वर्गांतून. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मुदत. सल्लागारबाई फक्त सोमवारी येतात. कालच त्या गुलाबी अर्जावर त्यांची सही मिळाली होती.

संध्याकाळी घरी वही उघडली तर अर्ज गायब.

तिने बॅग उपडी केली, गाडीच्या सीटखाली हात घातला. गुरुवारी वर्गात प्रत्येकाला विचारलं. एमेटलाही विचारलं. "नाही पाहिला," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. कोरीनला वाटलं, गेला अर्ज. आता नापास होणंच नशिबी.

शुक्रवारी पाचला वीस मिनिटं असताना कोरीन कॉलेजच्या ऑफिससमोर घुटमळत होती, तेवढ्यात एमेट धावत आला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पुराव्याची असते तशी, तोंडाला लाल पट्टी चिकटवलेली. आत तिचा गुलाबी अर्ज. पिशवीवर एक कागद डकवला होता.

डॉकरी मॅडमनी पहिल्याच दिवसापासून घोकून घेतलं होतं: पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की तारीख, वेळ, कारण लिहायचं. काही लपवायचं नाही. एक नोंद चुकली की खटला कोर्टात आपटला.

एमेटने सगळं लिहिलं होतं.

"मंगळवार, ११.२०. खुर्चीखाली सापडला. वाचला. वाचायला नको होता.
मंगळवार ते शुक्रवार. माझ्या जाकिटाच्या खिशात. कारण: ती जाऊ नये.
गुरुवार, १०.०५. तिने विचारलं. मी खोटं बोललो.
शुक्रवार, ४.४०. परत केला. कारण: जायचं की राहायचं, ते तिने ठरवायचं. मी कोण?"

कोरीनचा संताप संताप झाला. "अरे, लाज नाही वाटली? तीन दिवस झोप नाही मला! चोरीच की ही!"

"चोरीच आहे. म्हणून तर कबुलीजबाब लिहून आणलाय. तू... मला फार आवडतेस, कोरीन. पण हे कारण सांगून तुला अडवणं बरोबर नाही. ऑफिसची खिडकी अजून उघडी आहे. जा."

तिने लाल पट्टी ओढून काढली आणि अर्ज घेऊन तडक खिडकीकडे गेली. मागे एमेट जागच्या जागी उभा होता. एकदाही 'थांब' म्हणाला नाही.

खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला. "दे बाळ, चल लवकर."

कोरीनने अर्जाकडे पाहिलं. सल्लागारबाईंची सही होती, मुदत होती, सगळं रीतसर होतं. फिकट भोवरी तेवढी आठवत राहिली. तीनदा घ्यावी लागली होती, पण होती.

"अहो, रसायनशास्त्राची शिकवणी कुठे असते?"

"दोनशे सहामध्ये. सोमवार-बुधवार. फी नाही." बाईंनी भुवया उंचावल्या. "आणि तो अर्ज?"

"राहू दे."

ती परत आली तेव्हा एमेट जमिनीकडे बघत होता. "दिलास?" त्याने हळूच विचारलं.

"पेन दे."

पिशवीवरच्या कागदाला शेवटचा एक रकाना होता, 'वस्तूचं पुढे काय झालं?' तो रिकामाच होता. कोरीनने गुलाबी अर्जाचे चार तुकडे करून पिशवीत टाकले आणि लिहिलं: "फाडला. सोमवारी चार वाजता दोनशे सहामध्ये एमेटने हजर राहावं. प्रश्न तो विचारेल, उत्तरं मी देईन. खोटं बोलल्याचा दंड म्हणून आत्ता कॉफी पाजावी."

"सही?" एमेट हसू दाबत म्हणाला. डोळे मात्र भरून आले होते.

तिने पेनाची शाई अंगठ्याला चोळली, अंगठा कागदावर टेकवून हळूच फिरवला आणि उचलला. दोघं वाकून बघू लागले.

ठसा पुसट होता, पण पहिल्याच वेळी उमटला होता.