आठवं घर

नववीच्या वर्गाला ती जुनी कादंबरी शिकवायचं बाईंचं हे चोविसावं वर्ष. जे काम कुणालाच नको असतं ते एखाद्याच्या गळ्यात पडतं आणि मग त्याचंच होऊन जातं, तसं ते बाईंचं झालं होतं. आता कुणी ते काढून घेतलं असतं तर त्यांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

कादंबरी सव्वाशे वर्षांपूर्वीची. गोष्ट एवढीच, की रणरणत्या दुपारी एक अनोळखी माणूस एका गल्लीत येतो आणि ओळीनं सात दारं ठोठावतो. सातही घरांत माणसं जागी असतात. उघडत कुणीच नाही. संध्याकाळी तो शेवटच्या पायरीवर निपचित सापडतो. मग लेखक एकेका घरात शिरून दार का उघडलं नाही ते सांगतो. एकीचे केस ओले असतात. एकाला वाटतं, शेजारी उघडेल. एक नवरा-बायको कुणी उठायचं यावरून तासभर वाद घालतात. माणसाचा स्वभाव म्हणून जे काही आहे ते या सात दारांमागे आहे, असं बाई पहिल्या तासाला सांगायच्या आणि शेवटच्या तासाला विचारायच्या, "तुमचं घर कितवं?"

प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहायचा, नाव नाही. चिठ्ठ्यांचा हिशेब बाई एका लांबट वहीत उतरवत. आजवर नऊशेच्या वर मुलं झाली. निम्म्यांहून जास्त जणांनी आकडा न लिहिता 'मी उघडलं असतं' असं लिहून दिलं होतं.

"एवढी दारं उघडी राहिली असती तर कड्या करणारे उपाशी मेले असते," गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे. "तुमचं कितवं, ते नाही कधी सांगितलंत."

"मी शिकवते. मला घर नाही," बाई म्हणायच्या, आणि सगळे हसायचे. वहीत त्यांचा आकडा खरंच नव्हता.

यंदा चाळीस चिठ्ठ्यांपैकी तिनांवर आठचा आकडा होता.

"घरं सात आहेत," दुसऱ्या दिवशी बाई वर्गात म्हणाल्या. "ज्यांना मोजता येत नाही त्यांनी गणिताच्या सरांकडे जावं." वर्ग हसला. तिघं हसली नाहीत. कोणती तिघं, हे बाईंनी टिपून ठेवलं. माणसं हसताना कमी कळतात, न हसताना पटकन कळतात, हा त्यांचा अनुभव.

आठवड्यानं निबंधाच्या वह्या आल्या. प्रश्न नेहमीचाच, सर्वांत दोषी घर कोणतं? अकरा जणांनी आठवं लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं, 'कारण बाकीच्यांना बाहेर कोण आहे ते माहीत नव्हतं. हिला माहीत होतं.' त्याखालच्या वहीत होतं, 'तिने दार वाजताच रेडिओ बंद केला. त्यामुळे ती घरात आहे हे बाहेर कळलेच.'

बाईंनी सवयीनं समासात लाल पेनानं लिहिलं, 'त्या काळी रेडिओ नव्हता.' पेन शेवटच्या अक्षरावरच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत खालच्या पानावर उतरला.

अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी बाईंचं दार वाजलं होतं. तीन वेळा, मग थांबून एकदा. धाकटी बहीण लहानपणापासून तसंच वाजवायची. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा या धाकटीची पत्रं यायची, ती स्वतः नाही. आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती आली. बाई उठल्या, त्यांनी रेडिओ बंद केला, दारापाशी गेल्या, कडीवर हात ठेवला.

"ताई, आहेस ना?"

बाईंनी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. मग आणखी शंभर. चपला जिना उतरून गेल्या. पुढे ना पत्र, ना फोन. सहा महिन्यांनी बाईंनीच पत्र टाकलं, ते पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत आलं. पुढची दोन्हीही परत आली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रेडिओचं तर स्वतःलाही नाही.

सोमवारी त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून वर्ग तिला वकीलबाई म्हणायचा. त्या तिघांत तीही होती.

"कुठे आहे तुझं आठवं घर? दाखव."

मुलगी पुस्तक घेऊन आली. सातवं घर संपलं होतं त्याच्या समोरच्या पानावर 'आठवं घर' असा मथळा होता. तोच ठसठशीत ठसा, तोच पिवळा कागद. मागच्या पानाला कसरीनं पाडलेलं भोक या पानातूनही आरपार गेलं होतं. बाईंनी सगळ्यांना पुस्तकं उघडायला सांगितली. चाळीस प्रती, चाळिसांतही होतं. फक्त बाईंच्या प्रतीत नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

वकीलबाई वाचू लागली. तिसरा मजला. दाराशेजारी भिंतीला टेकवलेली आईची काठी, अजून न हलवलेली. रेडिओ. कडीवरचा हात. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि न लिहिलेलं काहीतरी पुसत राहिल्या.

"पुढे?"

"पुढे नाही, बाई. इथंच संपतं. ती नुसती उभी आहे." मुलीनं पान उलटून पाहिलं. "म्हणजे तिला अजून उघडता येईल ना?"

चोवीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. घंटेनं बाईंची सुटका केली.

आठवडाभर त्या मनाशी एकच गोष्ट ठरवत राहिल्या, या वेळी दार वाजलं तर उघडायचं. रविवारी फडताळातून दोन कप काढले. मग स्वतःशीच हसल्या, "वेडी झालीस." पण दुसरा कप परत आत ठेवला नाही. रेडिओ लावला. कुणीतरी शेतीमालाचे भाव सांगत होतं. त्या खुर्चीत बसून राहिल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

तीनदा. मग थांबून एकदा.

रेडिओकडे गेलेला हात बाईंनी मागे घेतला. चालू राहू दे. त्या दारापाशी गेल्या. काठी बाजूला सरकवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कडी काढली, दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर उन्हाचा चौकोन पडला होता. खाली कुठेतरी चपला वाजत होत्या, सावकाश.

"थांब गं," बाई म्हणाल्या. "थांब, मी आलेय."

वळणापर्यंतच्या सहा पायऱ्या त्या अनवाणी उतरल्या. जिना तळापर्यंत रिकामा होता. चपलांचा आवाजही थांबला होता.

वर त्यांचं दार लागलं. आपटलं नाही. कुणीतरी हळूच लोटावं तसं.

मग कडी. ती आधी अडखळते आणि मग बसते. तशीच अडखळली, तशीच बसली.

बाई वर आल्या. तळव्यानं दार ढकललं. हललं नाही.

त्यांनी समोरचं दार ठोठावलं. आत चपला वाजत दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मी आहे, समोरची," बाई म्हणाल्या.

दारामागे श्वास ऐकू येत होता. उघडलं नाही.

त्या पुन्हा आपल्या दारापाशी गेल्या. कान लावला. आत भाव सांगणं चालूच होतं. बाईंनी बोट दुमडलं.

तीनदा. मग थांबून एकदा.

"आहेस ना?"

आत रेडिओ बंद झाला.